वाळूतली खांड

ती टेकडी म्हणावी तर टेकडी नव्हती. उंची जेमतेम एका माणसाची. रस्त्याने जाणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळलं नसतं. पण शॉवेलच्या, म्हणजे माती उचलायच्या मशीनच्या, सीटवर बसलं की जमीन निराळी दिसते. वरून मला दिसायचं की ती चौकोनी आहे, चारही कोपरे थोडे फुगलेले आहेत आणि भोवती एक उथळ, खोलगट पट्टा आहे, ज्यात आसपासच्यापेक्षा झुडपं जास्त. वाळू आपणहून चौकोनात साचत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलंही असेल. पण त्या दिवसांत माझं सगळं लक्ष अंतरावर होतं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. शारजाच्या पुढे किनाऱ्याच्या अंगाला गोदामं होणार होती, त्यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं भरावाचं काम मी घेतलं होतं. माझ्या नावावरचं पहिलं काम. नाव म्हणजे लायसन अरबाबचं, इथल्या अरब मालकाचं, शॉवेल माझा, तोही दोघांनी वापरून टाकलेला. आठ वर्षं दुसऱ्यांच्या मशीनवर बसल्यावर घेतलेला. मी त्याला रोज सकाळी फडक्याने पुसायचो. टिपरवाले हसायचे.

भरावाची माती मंजूर खाणीतून आणायची होती आणि ती बावीस किलोमीटरवर. मी साइट इंजिनिअरच्या मागे लागलो, जवळची जागा द्या. हा साइट इंजिनिअर पुण्याचा, मुख्य कंपनीचा माणूस. माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण मला अरेतुरे करायचा आणि वर 'शेठ' म्हणायचा, म्हणजे अपमान पूर्ण व्हावा. तरी सुरुवातीला मला तो बरा वाटला. परक्या मुलुखात मराठी कानावर पडली की माणूस जरा बावळट होतो.

"साहेब, तो उंचवटा बघा. तीनशे मीटर. नुसती वाळू."

"खाण मंजूर झालीय ती वापर ना, शेठ."

"टिपरच्या दिवसाला सहा खेपा होतात. इथून चाळीस करतो. तुमचा रस्ता पंधरा दिवस आधी देतो. वर हेड ऑफिसला शाबासकी कुणाला मिळणार? मला?"

तीन दिवस मी हेच घोळवत होतो. चहाच्या वेळी, गाडीत बसताना, त्याच्या पोर्टा केबिनच्या दारात. शेवटी तो कंटाळला. "घे बाबा घे. तिकडून घे. पण माझं डोकं खाऊ नकोस."

हे एवढं मी नीट सांगतोय, कारण पुढची सगळी वर्षं मी लोकांना फक्त शेवटचं वाक्य सांगत आलो. त्याने सांगितलं, घे. आधीचे तीन दिवस मी गाळायचो.

दोन दिवस वरची वाळू भुसभुशीत निघाली. बुधवारी बकेट आत घातली आणि मशीनचा आवाज बदलला. मागे घेऊन पाहिलं तर समोर भिंतीसारखा सरळ काप उभा. वाळू अशी उभी राहत नाही. ती घसरते, पायाशी येऊन बसते. मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि हात लावला.

चिकणमाती होती. ढेपांवर ढेपा. दोन ढेपांच्या सांध्यावर तिसरी, तिरकी दाबून बसवलेली. मधे शिंपल्यांचा चुरा, गवताच्या काळ्या रेघा. दोन-तीन ठिकाणी ढेपेच्या कडेला बोटांचे खळगे. मी माझी बोटं त्यांत ठेवून पाहिली.

मी खारेपाटातला. आमच्याकडे शेत आणि खाडी यांच्या मधे मातीचा बांध असतो आणि तेवढाच असतो. भरती एका बाजूला, भात दुसऱ्या बाजूला. माझे वडील बांधाचे माणूस होते. खाडीचा चिकण कापायचा, त्याची ढेप पोटाशी धरून आणायची आणि सांध्यावर तिरकी दाबायची, हे मी चालायला लागलो तेव्हापासून बघत होतो. उधाणाने बांध फुटला की त्याला आम्ही खांड गेली म्हणतो. खांड ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने हाळी द्यायची आणि तिथून हलायचं नाही. गाव जमतं, प्रत्येक घरचा माणूस ढेप देतो, पुढच्या भरतीच्या आत खांड बुजते. बुजेपर्यंत कुणी जेवत नाही. शेवटी नारळ फोडतात, खोबरं काढून वाटतात आणि एक रिकामी करवंटी बांधाच्या पोटात घालतात. बांध कुणाचा आहे हे त्या वेळी कुणी विचारत नाही.

मी दुबईला आल्यावर तिसऱ्या वर्षी आमच्या बांधाला खांड गेली. वडिलांनी हाळी दिली. गावात माणसंच नव्हती. कुणी मुंबईला, कुणी माझ्यासारखे इकडे. चार म्हातारे आणि बायका किती ढेपा देणार? भात गेलं, मग जमीन खारट झाली, मग तिथे तिवरं उगवली. वडिलांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. फोनवर फक्त विचारायचे, "मशीन बरं चाललंय ना?" ते गेले तेव्हा मी बर दुबईला अब्रात, खाडी ओलांडायच्या होडीत, बसलो होतो. पलीकडे उतरून घरी सहज फोन लावला, तेव्हा कळलं.

तर बुधवारी मी त्या कापासमोर उभा होतो आणि मला वाटलं ते एवढंच, की हा बांध आहे आणि खांड मी पाडलीय.

इंजिनिअर लांबूनच ओरडत आला. "शेठ, मशीन का बंद?"

"साहेब, हा बांध आहे."

"कसला बांध? इथे भात लावणारेस?"

"माणसाच्या हातचं काम आहे. ही बोटं बघा."

त्याने पाहिलं. तो शिकलेला होता, त्याला माझ्यापेक्षा जास्त समजलं असणार, कारण त्याने आधी आजूबाजूला कुणी आहे का ते पाहिलं. बकऱ्या घेऊन रोज जाणारा एक म्हातारा अरब तेवढा रस्त्यावर उभा होता. इंजिनिअर हळू आवाजात म्हणाला, "उद्यापासून पलीकडच्या बाजूने घे. आणि बोटंबिटं कुणाला दाखवत बसू नकोस."

गुरुवारी मी हायड्रॉलिकचा पाइप फुटल्याचं सांगून मशीन उभं ठेवलं. पाइप ठणठणीत होता. संध्याकाळी मलबारी ग्रोसरीतून नारळ घेतला. बायको म्हणाली, "आज काय? सण आहे?" मी म्हटलं, काम आहे.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी एकटाच गेलो. कापातून निघालेली चिकणमाती टिपरवाल्यांनी बाजूला टाकली होती, कारण भरावाला ती चालत नाही. ती घेतली. कमी पडली ती सबख्यातून, म्हणजे तिथल्या खारट चिखलाच्या सपाटीवरून आणली. टाकीतलं पाणी मारलं. शॉवेलने आत ढकलली, पण दर्शनी बाजू मशीनने येत नाही. ती मी हाताने लावली. ढेपेवर ढेप, सांध्यावर तिरकी. कमरेचे काटे ढिले झाले. दुपारचा डबा गाडीतच राहिला. शेवटी नारळ फोडला, खोबरं काढलं, एक रिकामी करवंटी आत दाबली, वरून दोन ढेपा दिल्या आणि सगळ्यावर वाळू ओढली. खोबरं वाटायला कुणी नव्हतं. मीच खाल्लं.

डिझेल माझं, सुट्टी माझी. आयुष्यात भाव न करता केलेलं मला आठवणारं ते एकमेव काम. आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

शनिवारी इंजिनिअर आल्या आल्या तापला. "माझा माल परत मातीत घातलास? डोकं फिरलंय का तुझं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सरकारी जीप आली. त्या बकऱ्यावाल्या म्हाताऱ्याने कुणाला तरी कळवलं होतं. जीपमधून पिकल्या केसांची एक गोरी बाई उतरली, जुन्या वस्तूंच्या खात्याची, आणि तिच्याबरोबर हैदराबादचा एक कारकून, जो तिचं इंग्रजी आम्हाला हिंदीत सांगायचा.

बाई थेट टेकडीवर चढली. इंजिनिअर माझ्या कानाशी आला. त्याचा आवाज साखरेसारखा झाला होता. "शेठ, वाचवलंस. इथे काही झालंच नाही. वरची वाळू थोडी निघाली, बस. कळलं? तू पण सुटलास, मी पण सुटलो."

कारकून येऊन म्हणाला, "भाई, मैडम बोलती है ये पुराना किला है. मिट्टी का. रोमन लोगों के टाइम का."

"रोमन इधर किसलिए आएगा?"

"वो नहीं आया. उसका माल आया. जहाज से." आणि त्याने बाईच्या तळहातावरचा हिरव्या काचेचा तुकडा दाखवला, नखाएवढा. नुकताच वर सापडलेला. मी सवयीने विचारलं, याचा भाव काय असेल? बाईला कारकुनाने ते सांगितलं असावं. ती हसली. तिच्याशी माझं पहिलं बोलणं हे.

रस्त्याचं काम थांबलं. बाई चार मजूर घेऊन आली, दोऱ्या बांधल्या आणि एका जागी खणायला लागली. कुठली जागा? जिथे ओल दिसत होती ती. माझीच. मला मशीनसह तिथेच थांबायला सांगितलं होतं, लागलं तर वरची वाळू काढायला. मी सावलीत बसून बघायचो. ती ब्रशने एकेक ढेप मोकळी करायची, मान वाकडी करून बघायची, कागदावर चित्र काढायची. दोन दिवस तिला काही संशय आला नाही. माझी ढेप आणि त्या जुन्या माणसांची ढेप तिला वेगळी करता येईना.

खरं सांगतो, मला आनंद झाला. आणि मग भीती वाटली. कारण माझं सगळं आता त्या बाईच्या न ओळखण्यावर उभं होतं. तिने ओळखलं तर किल्ला फोडल्याचं नाव येणार, अरबाब लायसन काढून घेणार, लायसन नाही म्हणजे शॉवेल नाही आणि व्हिसा नाही. गप्प बसलं की झालं. सौद्यात शेवटी जो गप्प बसतो तो जिंकतो हे मला कुणी शिकवायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी तिला करवंटी सापडली.

तिने मजुरांना थांबवलं. गुडघ्यावर बसली, श्वास लागल्यासारखं काहीतरी बोलली. कारकून पळत आला. "भाई, नारियल निकला! दीवार के अंदर! मैडम बोलती है इंडिया से आया होगा, दो हजार साल पहले." बाईने ती करवंटी कापसात ठेवली, कापूस डबीत ठेवला आणि डबी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मलबारी ग्रोसरीतला नारळ. इंजिनिअरने माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

मी मनात म्हटलं, राहू दे तिला खूश. कुणाचं काय जातंय?

मग बाईने कारकुनाकरवी मला विचारलं. मलाच, कारण मी इंडियाचा. तुमच्याकडे असे मातीचे बांध घालतात का? तुम्ही कधी पाहिलेत का?

मी उत्तर देण्याआधी इंजिनिअर हसत मधे पडला. हिंदीतच, सगळ्यांना कळावं म्हणून. "अरे इसको क्या पूछते हो. शॉवेलवाला है. इसके बाप ने भी कभी बांध देखा होगा क्या?"

तो गंमत करत होता. मला गप्प ठेवायला, विषय बदलायला बोलला असेल. ते आज कळतं. तेव्हा माझा तोल गेला.

"तो नारळ माझा आहे!" मी मराठीत ओरडलो. मग हिंदीत ओरडलो. "मेरा है! शुक्रवार को डाला! ये सब मैंने भरा, इस हाथ से भरा, और जो मेरे बाप ने सिखाया वैसा भरा. दो दिन से मैडम को पता चला क्या? नहीं चला! और काटा मैंने, इसने बोला इसलिए काटा!"

कारकून माझ्याकडे आणि बाईकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने सांगितलं. सगळं नसेल सांगितलं, पण पुरेसं सांगितलं. बाईने डबीकडे पाहिलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खाली बसली, खड्ड्याच्या काठावर, पाय आत सोडून. मग हळूहळू बोलली.

"मैडम बोलती है," कारकून म्हणाला, "काटा वो इतना बुरा नहीं था. काटा तो अंदर का दिखता, एक के ऊपर एक, कौन सी मिट्टी पहले, कौन सी बाद में. वही देखने को वो आई थी. तुमने गीला करके, पुराना नया मिलाके, दबा दिया. अब वो कभी नहीं दिखेगा."

म्हणजे खांड पाडली ती चालली असती. बुजवली तो गुन्हा.

इंजिनिअरला आता वाट सापडली होती. तो इंग्रजीत भराभर बोलत होता आणि त्यातलं मला कळलं ते एवढंच, की मी न विचारता खणलं, न विचारता भरलं, आणि आत्ता सगळ्यांसमोर कबूल केलं. माझ्याशी बोलताना तो मराठीत आला. "शेठ, तुझं तोंडच तुला खाणार, हे मी पहिल्या दिवशी ओळखलं होतं."

मी बाईसमोर हात जोडले. मी, ज्याने अरबाबसमोरही कधी मान खाली घातली नाही. म्हटलं, तुमच्या कागदात एक ओळ लिहा. काप सांगण्यावरून घातला, एवढंच. तेवढ्या ओळीवर माझं लायसन राहील. कारकुनाने सांगितलं. बाईने मान हलवली. नाही म्हणून नव्हे, वाईट वाटून.

"मैडम बोलती है, मिट्टी में जो दिखता है वो लिखेगी. ऑर्डर मिट्टी में नहीं दिखता."

यावर काय घासाघीस करणार? माणसाला काहीतरी हवं असतं म्हणून सौदा होतो. तिला माझ्याकडून काही नको होतं. नाही, एक हवं होतं. माझं कुठलं आणि जुनं कुठलं, ते. मी तेही दिलं. पूर्ण एक दिवस त्या खड्ड्यात तिच्या शेजारी बसून एकेक ढेप दाखवली. ही माझी. ही त्यांची. ही त्यांचीच, पण मी उचलून परत लावलेली. ती प्रत्येकीला पांढरा धागा लावायची. एका ठिकाणी मी स्वतः अडलो. बोटांचे खळगे होते आणि माझी बोटं त्यांत बसत होती, पण ती तर बुधवारीही बसली होती. मी म्हटलं, सांगता येत नाही. तिने तिथे प्रश्नचिन्ह काढलं. जाताना तिने माझा हात हातात घेतला, मातीसकट. त्या सगळ्या प्रकरणात माझ्याशी नीट वागलेली तीच एक, आणि तिच्या हातात काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी अरबाबने बोलावलं. चहा दिला. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आवाज न चढवता. त्याने ऐकून घेतलं. टेबलावर मुख्य कंपनीचं पत्र होतं. "हबीबी, मला तुझं पटतं," तो म्हणाला. "पण कागद त्यांचा आहे. तुझा कागद कुठे?" मग दोन्ही तळहात झटकले. "खलास."

शॉवेल मिळेल त्या भावाला विकला. भाव करायला वेळच नव्हता. व्हिसा रद्द झाला, एक वर्ष गावी बसलो. तिथून समोर तिवरं दिसायची. मग परत आलो, दुसऱ्याच्या मशीनवर बसलो, मग भंगारात शिरलो, आणि आता हमरियाला माझं स्वतःचं यार्ड आहे. लोक म्हणतात, शून्यातून उभा राहिलास. मी दोनदा शून्यातून उभा राहिलो, हे ते मोजत नाहीत. तो इंजिनिअर पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला असं ऐकतो. एकदा मीना बाजारात समोरासमोर आला. बायकोबरोबर साड्या बघत होता. मला ओळखलं आणि शेजारच्या दुकानात शिरला. मी आत गेलो नाही. काय मागणार होतो?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुलीला शाळेचा प्रोजेक्ट होता, जुन्या काळाबद्दल. तिला घेऊन एका लहानशा म्युझियमला गेलो. सुट्टीचा दिवस, आत आम्ही दोघं आणि दाराशी खुर्चीवर एक पहारेकरी. भिंतीवर एक मोठं चित्र होतं, टेकडी मधून कापल्यावर आत कशी दिसते त्याचं. थरावर थर, प्रत्येकाला आकडा. मी पुढे निघालो होतो. मग थांबलो. चित्राच्या उजव्या बाजूला तिरक्या रेघांनी भरलेला एक पट्टा होता, आणि त्याच्या तळाशी वाटीसारखा एक छोटा अर्धगोल.

"हे काय लिहिलंय?" मी मुलीला विचारलं.

तिने वाचलं. "मॉडर्न डिस्टर्बन्स."

"म्हणजे?"

"मीन्स, नंतर कुणीतरी खराब केलेलं, बाबा. इट्स नॉट इम्पॉर्टंट."

"आणि हे, गोल?"

"कोकोनट शेल." तिला हसू आलं. "सो रँडम!"

मी अजून काही लिहिलंय का ते बघायला लावलं. कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून. तिने खालचे सगळे बारीक आकडे वाचले. काही नव्हतं. मधोमध मात्र एका ढेपेजवळ प्रश्नचिन्ह होतं, तसंच राहिलेलं.

"त्या माणसाला सांग," मी पहारेकऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "ते मी भरलंय. माझ्या हाताने."

"बाबा, प्लीज. ही विल थिंक यू ब्रोक इट."

तिचा हात माझ्या कोपरावर होता, मला दाराकडे न्यायला. एरवी मी तो झटकला असता आणि तिथेच सगळी कहाणी सुरू केली असती, त्याने सांगितलं, घे, इथपासून. पण तिथे उभं राहून मला आठवले ते त्याच्या आधीचे तीन दिवस. चहाच्या वेळी, गाडीत, केबिनच्या दारात, मी.

"मोडलं मीच," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग वही उघडली आणि विचारलं, "यू मीन, हे लिहू प्रोजेक्टमध्ये?"

मी पुन्हा त्या तिरक्या रेघांकडे पाहिलं. ढेपा कशा सांध्यावर बसवल्या होत्या, ते त्या रेघांत कुठेच दिसत नव्हतं.

"लिही," मी म्हटलं. "आणि पुढे लिही, बुजवलंही."

तिने पहिलं लिहिलं. दुसऱ्यापाशी पेन्सिल थांबली. बुजवलं याला इंग्रजीत काय म्हणायचं, ते तिने मला विचारलं. मी दोन्ही हातांनी हवेत एक ढेप सांध्यावर तिरकी दाबून दाखवली.